लोकशाहीची शाळा : जर्मनीतील राजकीय प्रतिष्ठाने आणि आपली गोदावरी

(संस्थेच्या व्याख्यानमालेत सभासद व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काहींच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील. जर्मनीतील राजकीय प्रतिष्ठानांशी नाशिकच्या आपल्या कल्याणकारी संस्थेचा काय संबंध? मागच्या एका कार्यक्रमानंतर एका विद्यार्थ्याने मला अगदी सरळ प्रश्न केला होता, "सर, दुसऱ्या देशातल्या पक्षाची संस्था आपल्या देशात येऊन लोकशाही शिकवते, ती कशासाठी? त्यात तिचा काय फायदा?" प्रश्न रास्त होता आणि त्या वेळी मला त्याचे नीट उत्तर देता आले नाही. आजचे भाषण म्हणजे त्या विद्यार्थ्याला उशिरा दिलेले उत्तर समजावे.

प्रारंभ बाबासाहेबांपासूनच करतो. १९२१ साली बाबासाहेबांनी जर्मनीतील बॉन विद्यापीठात अर्थशास्त्राच्या अभ्यासासाठी नाव नोंदविले होते. लंडनच्या अभ्यासामुळे तेथे त्यांना फार काळ राहता आले नाही. हे बॉन शहर ऱ्हाईन नदीच्या काठी वसलेले आहे. पुढे १९४९ मध्ये ते पश्चिम जर्मनीची राजधानी झाले आणि आज ज्या संस्थांविषयी मी बोलणार आहे, त्यांपैकी काहींचा कारभार याच शहरातून वाढला.

या संस्थांपैकी सर्वांत जुनी म्हणजे फ्रीडरिश एबर्ट प्रतिष्ठान. एबर्ट हे पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मन प्रजासत्ताकाचे पहिले अध्यक्ष. ते शिंप्याच्या घरी जन्मले आणि स्वतः घोड्यांची खोगिरे शिवण्याचे काम शिकले. कातड्यात सुई घालणारा हात राष्ट्राध्यक्षाच्या खुर्चीपर्यंत पोहोचला, ही गोष्ट आपल्या समाजाला वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. १९२५ साली त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी त्यांच्या नावाने हे प्रतिष्ठान निघाले. कामगारांच्या हुशार मुलांना शिष्यवृत्ती देणे आणि लोकांना लोकशाहीचे शिक्षण देणे, ही त्याची कामे ठरली. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि प्रतिष्ठानावर बंदी आली. १९४७ मध्ये ते पुन्हा उभे राहिले.

मित्रहो, हिटलर निवडणुकीच्या राजकारणातूनच पुढे आला, हे जर्मन लोक विसरले नाहीत. मतपेटी होती, संसद होती, उत्तम लिहिलेली राज्यघटनाही होती. परंतु ती जपणारा नागरिक पुरेसा तयार झालेला नव्हता. म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतर त्या देशाने ठरविले, की नागरिकाला लोकशाही शिकविणे हे कायमचे काम आहे आणि त्यासाठी सरकारी तिजोरीतून पैसा द्यावयाचा. प्रत्येक प्रमुख विचारधारेचे एकेक प्रतिष्ठान उभे राहिले. उदारमतवाद्यांचे नाउमान प्रतिष्ठान १९५८ मध्ये निघाले. ख्रिस्ती लोकशाहीवाद्यांचे आडेनाउअर प्रतिष्ठान आणि बव्हेरियातील त्यांच्या बंधुपक्षाचे झायडेल प्रतिष्ठान ही त्याच मालिकेतील. हरित पक्षाचे हाइनरिश ब्योल प्रतिष्ठान तीन छोट्या संस्था एकत्र येऊन १९९७ मध्ये आजच्या स्वरूपात आले.

या संस्था पक्षाच्या जवळच्या असल्या तरी पक्षाच्या शाखा नव्हेत. तेथील घटना न्यायालयाने १९८६ च्या निकालात या संस्थांना सरकारी पैसा देणे वैध ठरविले. परंतु संस्थेचा कारभार पक्षापासून अलग असला पाहिजे, अशी अटही घातली. प्रतिष्ठानाचा पैसा निवडणूक प्रचारात जाता कामा नये. २०२३ मध्ये या निधीसाठी त्या देशाने स्वतंत्र कायदाही केला. पक्ष निवडणुका लढवितो, प्रतिष्ठान माणसे घडविते, अशी ही विभागणी आहे.

आता देशाबाहेरच्या कामाकडे वळू. या प्रतिष्ठानांचे काम आज जगातील शंभराहून अधिक देशांत चालते. एक उदाहरण देतो. पोर्तुगालमध्ये हुकूमशाही असताना तेथील समाजवादी कार्यकर्ते परागंदा झाले होते. १९७३ च्या एप्रिलमध्ये त्यांनी आपल्या पक्षाची स्थापना केली ती जर्मनीत, एबर्ट प्रतिष्ठानाच्या प्रशिक्षण केंद्रात. पुढच्याच वर्षी, १९७४ च्या एप्रिलमध्ये, पोर्तुगालची हुकूमशाही कोसळली. ती पाडली तेथील सैनिकांनी आणि जनतेने, प्रतिष्ठानाने नव्हे. परंतु हुकूमशाही पडल्यावर कारभार हाती घेण्यासाठी जी माणसे लागतात, ती एका रात्रीत तयार होत नसतात.

हरित पक्षाच्या प्रतिष्ठानाविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण लोकशाही, पर्यावरण आणि सीमेपलीकडचे सहकार्य या तीन गोष्टी तेथे एकत्र नांदतात. ज्यांचे नाव त्यास दिले आहे ते हाइनरिश ब्योल हे ऱ्हाईनकाठच्या कोलोन शहराचे लेखक. सहा वर्षे त्यांना सक्तीने सैनिक म्हणून लढावे लागले. परत आल्यावर त्यांनी युद्धाच्या विरुद्ध आणि सामान्य माणसाच्या बाजूने लिहिले. १९७२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९७४ मध्ये सोव्हिएत सरकारने सोल्झेनित्सिन या लेखकाला देशाबाहेर घालविले, तेव्हा पहिला आसरा ब्योल यांच्याच घरी मिळाला. या प्रतिष्ठानाचे दिल्लीतील कार्यालय २००२ मध्ये सुरू झाले. मातीची झीज, प्लास्टिकचा कचरा अशा विषयांवर आकडे आणि नकाशे असलेल्या पुस्तिका काढून ते मोफत वाटते. पर्यावरणाचा प्रश्न तज्ज्ञांच्या कपाटात बंद राहू नये, ज्याच्या अंगणात कचरा पडतो त्याच्या हातात माहिती पडावी, हा त्यामागचा विचार. माहितीवाचून मत म्हणजे नुसता गलका, हे आपण जाणतोच.

आता विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येतो. यात त्यांचा फायदा नाही काय? आहे. ज्या देशाचा पैसा, त्या देशाची नजर त्यात असतेच. म्हणूनच अनेक सरकारे अशा संस्थांकडे संशयाने पाहतात. २०२२ च्या एप्रिलमध्ये रशियाने या सर्व प्रतिष्ठानांची कार्यालये बंद केली. आपल्याकडेही परदेशी देणग्यांचा कायदा १९७६ पासून आहे. २०१० मध्ये नवा कायदा आला आणि २०२० मध्ये तो आणखी कडक झाला. शिवाय नाव मोठे असले म्हणून वागणे नेहमी मोठेच असते असे नाही. २०२३ च्या डिसेंबरमध्ये माशा गेसेन या लेखकाला जर्मनीत एक मानाचा पुरस्कार द्यावयाचा होता. गेसेन यांनी गाझाविषयी लिहिलेला लेख न रुचल्याने ब्योल प्रतिष्ठानाने त्या समारंभातून अंग काढून घेतले. ज्या लेखकाने हाकललेल्या लेखकाला घर दिले, त्याच्या नावाच्या संस्थेकडून हे घडले. तेव्हा बंधूंनो, कोणत्याही संस्थेच्या पाटीला नमस्कार करून थांबू नये. तिचे काम पाहावे, हिशेब पाहावा आणि घेण्यासारखे असेल तेवढेच घ्यावे.

अशा कामाचा स्पर्श आपल्या जिल्ह्यालाही झालेला आहे. मिनू मसानी यांच्या पुढाकाराने लेस्ली साहनी यांच्या नावे लोकशाही प्रशिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला आणि त्याचे केंद्र आपल्या देवळालीत उभे राहिले. नाउमान प्रतिष्ठानाने त्या कार्यक्रमास सहकार्य केले. त्यांची अर्थविषयक मते आपल्याला पटोत वा न पटोत, तरुणांना एकत्र बसवून सभेचे नियम, वादविवाद आणि नागरिकांचे हक्क शिकविले पाहिजेत, ही गोष्ट त्यांनी मनावर घेतली होती.

आणि आपण? आपल्याला तर ही वाट घरातच दाखविली गेली होती. १९५६ च्या जुलैमध्ये बाबासाहेबांनी मुंबईत राजकारणात प्रवेश करू इच्छिणाऱ्यांसाठी प्रशिक्षण शाळा काढली. पहिल्या तुकडीत अवघे पंधरा विद्यार्थी होते. संसदेत जाणाऱ्याला कायदा, अर्थशास्त्र, वक्तृत्व आले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. डिसेंबरमध्ये त्यांचे महापरिनिर्वाण झाले आणि काही महिन्यांतच ती शाळा बंद पडली. तिकडे बंदी आलेले प्रतिष्ठान चौदा वर्षांनी पुन्हा उभे राहिले. आपली शाळा मात्र कोणी बंदी घातल्यावाचूनच बंद पडली. आपण पुतळे उभारले, कमानी उभारल्या, जयंत्या केल्या. त्या केल्याच पाहिजेत. परंतु त्या पंधरा विद्यार्थ्यांनंतरचा सोळावा विद्यार्थी कोठे आहे, हा प्रश्न मला झोपू देत नाही.

या शिक्षणाची कसोटी लागते ती पाण्यापाशी. ऱ्हाईन नदी अनेक देशांतून वाहते. तिच्या काठच्या पाच देशांनी १९५० मध्ये प्रदूषणाविरुद्ध एक आयोग नेमला, तरी पुष्कळ वर्षे काम संथच होते. १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वित्झर्लंडमध्ये बाझल शहराजवळ रसायनांच्या गोदामाला आग लागली. ती विझविताना कीटकनाशके पाण्याबरोबर नदीत गेली आणि पार खालपर्यंत मासे मेले. चूक एका देशात झाली, नदी मेली दुसऱ्या देशांत. त्यानंतर मात्र या देशांनी १९८७ मध्ये एकत्र कृती कार्यक्रम आखला आणि नदी पुष्कळशी सावरली. एकमेकांशी दोन महायुद्धे लढलेल्या देशांना जर एका नदीसाठी एका टेबलाशी बसता येते, तर आपल्याला का येऊ नये?

आपली गोदावरी त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि नाशिक तिच्या काठचे पहिले मोठे शहर. पाणी वर आपल्याकडे, तहान खाली मराठवाड्यात. राज्याराज्यांतील गोदावरीच्या वाटणीसाठी १९६९ मध्ये लवाद नेमला गेला. राज्यांनी आपसात केलेल्या करारांच्या आधारे १९८० मध्ये त्याचा निवाडा झाला. राज्यांचे भागले, पण जिल्ह्याजिल्ह्यांचे भागले नाही. २००५ च्या कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व आले. त्यानुसार नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडण्याचा आदेश २०१४ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने दिला आणि २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते समन्यायी तत्त्व उचलून धरले. तरीही पाणी सोडण्याचा दिवस जवळ आला की आपल्याकडे मोर्चे निघतात. शिवाय जे पाणी आपण खाली सोडतो ते कसे असते, हे रामकुंडाच्या पुढे पुलावर उभे राहून ज्याने पाहिले आहे त्याला सांगणे नको. २०१२ मध्ये गोदावरीच्या प्रदूषणाविरुद्ध नागरिकांना उच्च न्यायालयात जावे लागले, ही आपल्या शहराला भूषणावह गोष्ट नाही.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर मंत्री होते. नदीचा विचार प्रांताच्या हद्दीने न करता संपूर्ण खोऱ्याचा करावा, ही दृष्टी त्यांनी त्या वेळी धरली आणि दामोदर खोऱ्याच्या योजनेचा पाया त्याच काळात घातला गेला. १९५६ मध्ये आंतरराज्य नद्यांसाठी मंडळे नेमण्याचा कायदाही झाला. परंतु त्या कायद्याखाली मंडळे उभी राहिली नाहीत. कायदा होता, तो चालविणारी सवय नव्हती.

ही सवय लागू शकते, याचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. दादासाहेब गायकवाड ज्या दिंडोरी तालुक्यात जन्मले, त्याच तालुक्यात वाघाड धरण आहे. कालव्याच्या टेलकडील शेतकऱ्यांपर्यंत पाणी पोहोचत नव्हते. १९९० च्या सुमारास ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राने, बापू उपाध्ये यांच्या मार्गदर्शनाखाली, शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पाणी मोजून घ्यावयाचे, पट्टी वेळेवर भरावयाची आणि वाटणी सभेत ठरवावयाची. पुढे संपूर्ण प्रकल्पाचे पाणी शेतकऱ्यांच्या संस्थाच वाटू लागल्या. शेवटच्या शेतकऱ्याचा हक्क पहिल्याने मान्य केला, म्हणून ते जमले. माझ्या मते लोकशाहीची याहून सोपी व्याख्या नाही.

बंधू-भगिनींनो, २० मार्च १९२७ रोजी महाडला आपल्या आजोबा-पणजोबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. तीन वर्षांनी याच नाशकात काळारामाच्या दारी सत्याग्रह झाला. पाणी नाकारले जाणे म्हणजे काय, हे आपल्याइतके कोणास ठाऊक? मग ज्यांना पाणी नाकारले गेले, त्यांच्या नातवंडांनी खालच्या गावाचे पाणी अडविण्याच्या घोषणा देणे शोभते काय? आपल्या घरातला दुष्काळ खरा आहे, शहराची वाढती गरजही खरी आहे. आपली बाजू जरूर मांडावी. पण आकडे घेऊन मांडावी आणि समोरच्याचे आकडे ऐकूनही घ्यावेत.

म्हणून मी संस्थेपुढे एक छोटी सूचना ठेवतो. कोणाकडून परदेशी पैसा मागावयाचा नाही. त्यांची पद्धत तेवढी घ्यावयाची. महिन्यातून दोन रविवार आपल्या सभागृहात वर्ग भरवावा. त्यात संविधान, सभेचे कामकाज, इतिवृत्त लिहिणे, हिशेब तपासणे, माहितीचा अर्ज करणे आणि गोदावरीची ओळख हे विषय असावेत. वर्षातून एकदा आपल्या विद्यार्थ्यांनी पैठणला जावे, तेथील विद्यार्थ्यांनी येथे यावे. भिक्खू संघात सभेचे नियम, ठराव आणि मतदान होते, याची आठवण बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेला करून दिली होती. ती आठवण निदान आपण तरी बुजू देऊ नये.

हजारो मुले जमली नाहीत तरी चालेल. पंधरा जमली तरी पुरे आहेत; कारण सुरुवात तेवढ्यांनीच झाली होती.



जयभीम! जय भारत!