आनंदीबाईंना चौथ्या साच्यात कोंबू नका



श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही डॉ. आनंदीबाई जोशी यांच्यावरची कादंबरी १९६८ साली आली. पुढे तिचे नाटक झाले, आनंदीबाईंच्या आयुष्यावर २०१९ मध्ये चित्रपटही आला. एवढे होऊनही मराठी वाचकाने या कादंबरीचा अर्थ आपल्या सोयीने लावला आहे. विक्षिप्त नवरा, सोशिक बायको, दोन अश्रू, की पुस्तक मिटले! या वाचनाला आजच्या व्यासपीठावरून स्पष्ट विरोध नोंदवणे भाग आहे.

आनंदीबाईंना एकट्या सनातन्यांनी कोंडले नव्हते. साचे तीन होते.

पहिला घरातला. कल्याणच्या यमुना जोशीचे, म्हणजेच आनंदीबाईंचे, लग्न नवव्या वर्षी एका बिजवराशी लागले. सासरी चूल सांभाळणारी मुलगी हवी होती. दुसरा साचा त्या बिजवराचाच. पोस्टखात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळरावांना शिकलेली बायको हवी होती, आणि तेवढ्यासाठी ते तिला मारतही असत. अमेरिकेतून लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनी या मारहाणीबद्दल नवऱ्याला सरळ सुनावले आहे. गोपाळरावांना सुधारक म्हणून ओवाळताना हे पत्र बाजूला का सारले जाते?

तिसरा साचा मिशनचा. गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणासाठी पाद्री वाइल्डर यांना मदत मागितली, तेव्हा धर्मांतराची अट पुढे आली. हा पत्रव्यवहार अमेरिकेतल्या मासिकात छापून आला आणि न्यू जर्सीच्या थिओडोसिया कार्पेंटर यांच्या वाचनात आला. त्यांनी कसलीही अट न घालता घराचे दार उघडले.

अमेरिकेला निघण्याआधी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात, वयाची अठरा वर्षेही पुरी झाली नव्हती तेव्हा, आनंदीबाई इंग्रजीत बोलायला उभ्या राहिल्या. बंगालच्या रस्त्यांवर होणारी हेटाळणी त्यांनी श्रोत्यांच्या तोंडावर सांगितली. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परतेन, असेही बजावले. घराने, नवऱ्याने, पाद्र्यांनी ठरवलेले ‘योग्य वागणे’ बाजूला ठेवून ही मुलगी त्या दिवशी स्वतःच्या बुद्धीने बोलली. एप्रिलमध्ये त्यांनी कलकत्ता सोडले. त्याच सुमारास कलकत्ता मेडिकल कॉलेजने कादंबिनी गांगुली या विद्यार्थिनीला प्रवेश दिला.

‘काळच तसा होता’ असे म्हणणाऱ्यांनी जरा कलकत्त्याच्या सियालदह स्टेशनबाहेर पाहावे. समोरचे नीलरतन सरकार मेडिकल कॉलेज म्हणजे जुने कॅम्पबेल मेडिकल स्कूल. १८८८ मध्ये तिथे मुलींना प्रवेश मिळू लागला. दहाव्या वर्षी विधवा झालेल्या हैमवती सेन तिथे शिकल्या आणि परीक्षेत पहिल्या आल्या. सुवर्णपदक बाईला मिळणार म्हणताच मुलगे खवळले. शेवटी हैमवतींना रौप्यपदकावर समाधान मानावे लागले. ते सोने काळाने हिरावले नाही. शिकलेल्या तरुणांनी हट्ट धरला आणि संस्थेने मान तुकवली. त्याच काळात कार्पेंटरबाईंनी वेगळा निर्णय घेतला होता. म्हणजे निवड तेव्हाही माणसांच्याच हाती होती.

आनंदीबाई मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात त्यांची नेमणूक झाली, पण क्षयाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय एकवीस. मग आपण त्यांचा ‘आदर्श’ केला. हा चौथा साचा. मेलेल्या बंडखोराला हार घालायचा आणि घरातल्या मुलीने जातीबाहेर लग्न केले, लग्नच नाकारले किंवा भलतीच वाट धरली, की तिच्याशी बोलणे टाकायचे. ही कादंबरी वाचून ज्याला आपल्या घरातली अशी मुलगी आठवली नाही, त्याने फक्त गोष्ट वाचली.

कलकत्त्यातल्या मराठी मंडळींकडे म्हणूनच एक थेट मागणी आहे. पुढच्या बैठकीत ‘आनंदी गोपाळ’बरोबर हैमवती सेन यांच्या बंगाली आठवणीही चर्चेला घ्या, बंगाली शेजाऱ्यांना बोलवा, आणि ज्या मुलामुलींशी घरच्यांनी बोलणे टाकले आहे त्यांना श्रोत्यांत न बसवता पहिले वक्ते करा.