उपचारानंतरचे विसरणे
(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



आपल्या वैद्यकीय निधीतून स्तनाच्या कर्करोगावरील उपचारांस मदत मिळते. शस्त्रक्रिया झाली, केमोथेरपीच्या फेऱ्या संपल्या, की अर्जाची फाईल बंद होते. पुष्कळ बायकांची एक निराळी अडचण मात्र त्यानंतरच घरच्यांच्या नजरेस येते. तिच्याविषयी मला बोलावयाचे आहे.

माझ्या एक सहशिक्षिका उपचार संपवून कामावर रुजू झाल्या. दोन वर्षे शिकविलेल्या मुलांची नावे त्यांच्या ओठांपर्यंत येत व तेथेच अडकत. फळ्यावर गणित चालू असता शिपाई नोटीस घेऊन दारात आला, की धागा तुटे. माझ्या एका आतेबहिणीस नमाजात किती रकाती झाल्या हेच आठवेना; बिचारी पुनः पहिल्यापासून पढे. घरचे म्हणत, "वय झाले." वय होते ४२!

ह्या तक्रारीस 'केमोब्रेन' असे नाव पडले आहे. ते तितकेसे बरोबर नाही, कारण काही रुग्णांत ती केमोथेरपीपूर्वीही आढळते. औषधे, अकाली बंद झालेली पाळी, हार्मोनच्या गोळ्या, रक्तक्षय, अपुरी झोप, थकवा, काळजी अशी अनेक कारणे एकत्र येतात. २०१७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ५८१ रुग्ण व कर्करोग नसलेल्या ३६४ स्त्रिया होत्या. केमोथेरपी संपून सहा महिने झाल्यावरही, पूर्वीपेक्षा स्मरण व लक्ष कमी झाल्याचे शेकडा ३६.५ रुग्णांनी सांगितले. इतर स्त्रियांत हे प्रमाण शेकडा १३.६ होते.

चमत्कारिक गोष्ट अशी की, दवाखान्यातील चाचणीत अशा बाईला पुष्कळदा चांगले गुण पडतात. मग ती कांगावा करते असे ठरते. पण चाचणी शांत खोलीत, एका वेळी एकच प्रश्न घालून होते. घरी दूध उतू जात असते, मूल हाका मारीत असते आणि दारात गॅसवाला उभा असतो. परीक्षेत पास होणे आणि वर्ग सांभाळणे ह्यांतील फरक आम्हां शिक्षकांस ठाऊक आहे.

हे वेड नव्हे, म्हातारचळही नव्हे. बहुतेकींस काही महिन्यांत, वर्षभरात उतार पडतो. थोड्यांचे अधिक काळ चालते. रक्तातील लोह, बी-१२ व थायरॉईड तपासून घ्यावे. रोज चालावे. वही जवळ ठेवावी, एका वेळी एकच काम हाती घ्यावे. गोळ्यांमुळे विसरते असे वाटले तरी त्या आपल्या मनाने सोडू नयेत. आधी डॉक्टरांस विचारावे. आणि यजमानांनी तिचे अडलेले वाक्य लगेच पुरे करू नये, थोडे थांबावे.

निधीची नियमावली लवकरच दुरुस्तीस येणार असल्याचे समजते. उपचार संपल्यावर आणखी एक वर्ष फाईल उघडी ठेवावी, तपासणीचा खर्च द्यावा आणि बँकेत व दवाखान्यात सोबतीस एक भगिनी द्यावी, एवढे कलम तीत घालावे, अशी माझी विश्वस्तांस विनंती आहे. सोबतीसाठी पहिले नाव माझे लिहून घ्यावे. शनिवारी दुपारनंतर मी मोकळी असते.