शिक्षकाची मुभा आणि लेखकाचे ऋण

(पारनेर येथे तालुक्यातील शिक्षकांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



सेनापती बापटांच्या जन्मगावी बोलताना उदाहरणही त्यांचेच घेतो. १२ नोव्हेंबर १८८० रोजी पारनेरला जन्मलेले सेनापती २८ नोव्हेंबर १९६७ रोजी निवर्तले. आपल्या प्रताधिकार कायद्याप्रमाणे, हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरील हक्क लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षे टिकतो. म्हणजे सेनापतींचे असे साहित्य ३१ डिसेंबर २०२७ नंतर सर्वांना खुले होईल. साने गुरुजी १९५० साली गेले. त्यांची ‘श्यामची आई’ १ जानेवारी २०११ पासून कोणीही छापू शकतो. कुसुमाग्रज १९९९ साली गेले. त्यांची कविता २०५९ अखेरपर्यंत हक्काधीन आहे.

मग २०२७ पूर्वी सेनापतींची कविता वर्गाच्या फळ्यावर लिहायला कोणाची परवानगी हवी काय? मुळीच नको. १९५७ च्या कायद्यातील कलम ५२ शिक्षकाला स्पष्ट मुभा देते. अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने केलेली नक्कल हा हक्कभंग नव्हे. प्रश्नपत्रिकेत उतारा देणे, उत्तरात तो उद्धृत करणे, हेही मुक्त आहे. स्नेहसंमेलनात विद्यार्थ्यांनी नाटक केले आणि प्रेक्षक शिक्षक, विद्यार्थी, पालक व संस्थेच्या कार्याशी संबंधित मंडळी एवढेच असतील, तर तेही चालते. मात्र तिकीट लावून सारा गाव बोलावला, तर हे संरक्षण उरत नाही.

या मुभेची कसोटी दिल्लीत लागली. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या विदेशी प्रकाशनसंस्थांनी २०१२ साली दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील रामेश्वरी फोटोकॉपी या दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला. नेमलेल्या ग्रंथांतील प्रकरणांच्या झेरॉक्स प्रती तेथे एकत्र बांधून विद्यार्थ्यांना मिळत असत. १६ सप्टेंबर २०१६ रोजी उच्च न्यायालयाने दावा फेटाळला. ९ डिसेंबरला खंडपीठाने अपिलात दाव्यातील काही मुद्दे पुन्हा सुनावणीस पाठविले. परंतु अध्यापनासाठी आवश्यक तेवढी नक्कल करता येते आणि अध्यापन म्हणजे केवळ वर्गातील तासिका नव्हे, हे तत्त्व मान्य केले. २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला.

येथे ‘आवश्यक तेवढी’ हे शब्द अधोरेखित करावेत. कायद्याने पानांची संख्या सांगितलेली नाही. हेतू सांगितला आहे. एका पाठासाठी एक कथा चाळीस मुलांना देणे आणि अख्खा कथासंग्रह पीडीएफ करून तालुक्याच्या व्हॉट्सॲप समूहावर टाकणे, यांत अंतर आहे. पहिले अध्यापन; दुसरे प्रकाशन, तेही लेखकाला न विचारता. उतारे जमवून गाईड विकणाऱ्याला किंवा संपूर्ण पुस्तकाचे वाचन यूट्यूबवर चढविणाऱ्याला ‘मी शिक्षक आहे’ एवढे म्हणून सुटता येईल, या भ्रमात राहू नये. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, म्हणून त्यांवरील हक्क संपला असेही नव्हे.

कोणी म्हणेल, ज्ञानदान करणाऱ्या परंपरेत ही मालकी कशाला? आपल्या परंपरेने ज्ञान मुक्त ठेवले हे खरे. पण तिनेच ऋषिऋणही सांगितले, आणि ते अध्ययन-अध्यापनाने फेडावयाचे असते. ऋण मानणारा निदान देणाऱ्याचे नाव तरी पुसत नाही. मराठी लेखकाची मिळकत ती केवढी! मुलांसाठी लिहिणाऱ्याचे पुस्तक शाळाच विकत घेणार नसतील, तर पुढचे पुस्तक लिहिणार कोण आणि छापणार कोण? त्याची हानी शेवटी आपल्याच वर्गाची.

म्हणून साधा व्यवहार ठेवावा. पाठापुरते निःशंकपणे घ्यावे, प्रत्येक उताऱ्याखाली लेखकाचे व पुस्तकाचे नाव लिहावे, संपूर्ण पुस्तक हवे असल्यास ग्रंथालयासाठी विकत घ्यावे आणि वर्गाबाहेर न्यायचे असल्यास एक पत्र लिहून अनुमती मागावी. कायद्याने शिक्षकावर विश्वास ठेवला आहे. तो सार्थ करणे आपल्या हाती आहे.