वृद्धापकाळींचा मूत्रावरोध व ध्वनिलहरींची तपासणी



डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनीं १८९४ सालीं मिरजेंत मिशनचें रुग्णालय उघडलें, तेव्हांपासून दूरदूरचे रोगी या गांवीं येत आले आहेत. अशा गांवांत राहूनही आपल्यांतील कित्येक वृद्ध गृहस्थ एका व्याधीविषयीं लाजेनें मौन धरतात. तिच्याविषयीं चार शब्द बोलणें अवश्य वाटतें.

पुरुषाच्या मूत्राशयाच्या मुखाशीं, मूत्रमार्गास वेढून, प्रोस्टेट नांवाची ग्रंथि असते. तारुण्यांत ती अक्रोडाएवढी असून उतारवयांत बहुधा वाढते. मग लघवीची धार बारीक होते, रात्रीं वारंवार उठावें लागतें. "वय झालें, चालायचेंच," असें म्हणून घरचीं माणसें स्वस्थ बसतात. इकडे तुंबलेल्या मूत्राचा दाब मूत्रपिंडांवर पडून तीं निकामी होऊं शकतात, आणि पुष्कळदां वेदनाही होत नाहींत.

येथें सोनोग्राफीचा उपयोग होतो. कानास ऐकूं न येणाऱ्या ध्वनिलहरी पोटांत सोडून त्यांच्या प्रतिध्वनींवरून पडद्यावर चित्र उमटवितात. ग्लासगोचे डॉक्टर इयन डोनाल्ड व त्यांचे सहकारी यांनीं १९५८ सालीं पोटांतील गांठींच्या निदानार्थ ही रीति प्रसिद्ध केली. तींत सुई नाहीं, क्ष-किरण नाहींत. पाणी पिऊन मूत्राशय भरल्यावर एकदां व लघवी करून आल्यावर पुन्हां पाहतात.

ग्रंथीची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरांत मोजून त्यांच्या गुणाकारास ०.५२ नें गुणिलें म्हणजे तिचें घनफळ मिलिलिटरांत मिळतें. परंतु केवळ आकारावरून अवरोध ठरत नाहीं. लहान ग्रंथीही वाट अडविते, मोठीही कधीं त्रास देत नाहीं. म्हणून तीन गोष्टी विशेष पाहाव्या लागतात: ग्रंथि मूत्राशयांत किती शिरली आहे (१० मिलिमीटरहून अधिक असल्यास अवरोधाचा संभव फार), लघवीनंतर मूत्र किती उरतें, आणि मूत्रपिंडें फुगलीं आहेत काय.

तथापि मूत्राशय दुर्बळ झाल्यानेंही मूत्र उरतें. तेव्हां धारेचा वेग मोजणें इष्ट. कर्करोगाची शंका या चित्रानें फिटत नाहीं. तीसाठीं वैद्याची बोटानें तपासणी व रक्ताची परीक्षा असते.

मुलांनो, वडील सांगणार नाहींत; तुम्हींच आदरानें विचारा. लघवी अजिबात बंद झाल्यास सकाळची वाट न पाहतां त्यांस रुग्णालयांत न्या. वेळीं कळलेल्या अवरोधावर औषध आहे, शस्त्रक्रियाही आहे. गेलेलें मूत्रपिंड मात्र परत येत नाहीं.