वडीलधाऱ्यांना उठते ठेवा
(महोत्सवी समारंभात बोरगाव येथे केलेले भाषण)



आम्ही डॉक्टर नाही. घरी जे चुकले आणि पुढे जे शिकलो, तेवढेच सांगतो.

आमची अम्मी न्हाणीत पाय घसरून पडली. हाड मोडले नाही, पण आम्ही भ्यालो. "तू आता उठूच नको," असे म्हणून पाणी, जेवण, पानाचा डबा सारे खाटेवर देऊ लागलो. हीच मोठी सेवा, असे आम्हांस वाटे. दोन महिन्यांत ती आधाराशिवाय उभी राहीनाशी झाली. वापर थांबला की स्नायू झिजतात, आणि म्हातारपणी तर फार लवकर झिजतात.

न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाच्या संशोधकांनी ८० वर्षे व त्यापुढील स्त्रियांना घरच्या घरी व्यायाम शिकविला. त्या स्त्रियांचे पडणे कमी झाले, असा निष्कर्ष १९९७ साली प्रसिद्ध झाला. पुढे अशा चार प्रयोगांचा एकत्र हिशेब केला, तेव्हा पडण्याचे प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी घटलेले आढळले.

व्यायाम साधाच आहे. भिंतीला टेकविलेल्या भक्कम खुर्चीवरून सावकाश उठावे व बसावे. ओट्याला धरून टाचा उचलाव्यात, मग चवडे. आधार धरून क्षणभर एका पायावर उभे राहावे. भिंतीकडेने एका पावलापुढे दुसरे पाऊल टेकवीत चालावे. आठवड्यातून तीन दिवस अर्धा अर्धा तास पुरे. झेपेल त्याने दोन दिवस फिरून यावे. सोपे वाटू लागले की थोडे वाढवावे, नाही तर शक्ती वाढत नाही. जवळ घरचे माणूस असावे. छातीत दुखले वा चक्कर आली तर थांबावे. हाड मोडले असेल किंवा लकवा झाला असेल, तर आधी डॉक्टरांस विचारावे.

अम्मी पहिल्या दिवशी दोनदाच उठली, तीही आमच्यावर रागावत. चार महिन्यांनी ती आपला चहा आपण करू लागली.

आपल्या सौंसर-पांढुर्णा भागातील वडील मंडळी संत्र्याच्या बागांत, कपाशीच्या वावरात जन्मभर राबली. त्यांना मायेपोटी खाटेला बांधू नका. या महोत्सवाची आठवण म्हणून प्रत्येक घराने न्हाणीत धरायला एक पक्की दांडी बसवावी आणि रोज संध्याकाळी नातवाने आजीला म्हणावे, "चल, उठ पाहू."