मुलींची शाळा आणि उसाचा कोयता

(वडवणी येथें शेतकरी व कारागीर कुटुंबांच्या सभेंत केलेलें भाषण)



मुलींसाठीं आपली स्वतंत्र शाळा असावी, हा विचार आतां आपल्या भागांत कोणास नवा राहिलेला नाहीं. बेतही पुष्कळ होतात. एखाद्या शहाण्या माणसास बोलावितात, तो पांच वर्षांची योजना लिहून देतो, तींत ध्येय, उद्दिष्ट, सर्वांगीण विकास असे जड जड शब्द असतात. मग तो कागद चौकट करून भिंतीवर लागतो, आणि दिवाळी झाली कीं त्या भिंतीखालीं बसणाऱ्या मुली आईबापांबरोबर गाडींत बसून कारखान्याच्या वाटेला लागतात. कागद मात्र बाराही महिने शाळेंत हजर! म्हणून योजना कशी लिहावी हें आज आम्ही सांगणार नाहीं. लिहिलेली योजना हातापायांनीं कशी चालवावी, एवढेंच बोलणार आहों.

अशी शाळा आपल्या लोकांपैकीं कोणी चालविली आहे काय? चालविली आहे. १८४८ सालीं पुण्यांत बुधवार पेठेंतील भिड्यांच्या वाड्यांत जोतीराव फुले यांनीं मुलींची शाळा काढली, हें तुम्हांस ठाऊक आहेच. सावित्रीबाईंच्या अंगावर शेण टाकीत, ही गोष्ट आपण दर साल ३ जानेवारीस ऐकतों, टाळ्या वाजवितों आणि घरीं जातों. परंतु नुसतें शेण सोसल्यानें शाळा चालत नसते. ती चालली कशी, हें कोणी सांगत नाहीं.

पहिली शाळा निघाली तोंच भटशाहीच्या दडपणानें गोविंदराव भ्याले आणि १८४९ मध्यें या नवराबायकोस घर सोडावें लागलें. उस्मान शेख यांनीं त्यांस आसरा दिला. कामांत खंड पडला. पुढें १८५१ सालीं जें उभें केलें तें मात्र पुरत्या बेतानें. एकट्याच्या खांद्यावर भार न ठेवतां मंडळी नेमली. ३ जुलै १८५१ रोजीं अण्णासाहेब चिपळूणकरांच्या वाड्यांत शाळा उघडली, तेव्हां पहिल्या दिवशीं मुली किती आल्या? आठ! आज आपल्याकडे आठ मुली आल्या तर पुढारी उद्घाटनाला फिरकणारसुद्धां नाहींत. थोड्याच दिवसांत त्या आठांच्या ४८ झाल्या. ती शाळा मार्गी लागल्यावर १७ सप्टेंबरला रास्ता पेठेंत दुसरी, आणि १५ मार्च १८५२ रोजीं वेताळ पेठेंत तिसरी. एक वाफा भिजल्याशिवाय माळी पाणी दुसऱ्या वाफ्यांत सोडीत नाहीं. जोतीराव माळ्याचेच पुत्र!

येथें एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे. चिपळूणकर, सदाशिव बल्लाळ गोवंडे, सखाराम यशवंत परांजपे हे त्या कामांतले साथी ब्राह्मण होते. ज्यानें हात दिला त्याचें नांव घ्यावें. आमचें भांडण भटशाहीशीं आहे, हात देणाऱ्याशीं नाहीं.

आतां शिकविणार कोण? मुलींस शिकविण्यास बाई हवी, आणि शिकलेली बाई तर कोठेंच नव्हती. म्हणून जोतीरावांनीं आधीं घरांतच बाई तयार केली. सावित्रीबाई शिकल्या, शिकविण्याचें काम शिकल्या, आणि मुख्य शिक्षिका म्हणून बसल्या त्या पगार न घेतां. त्यांच्या जोडीला फातिमा शेख होत्या. विटा नाहींत म्हणून गवंडी कपाळाला हात लावून बसत नाहीं, भट्टी लावतो. तसें हें झालें.

पण या सर्वांत आम्हांस जी युक्ति मोठी वाटते ती निराळीच. ती म्हणजे उघड परीक्षा. १२ फेब्रुवारी १८५३ रोजीं तिन्ही शाळांच्या मुलींची परीक्षा लोकांसमोर झाली. पटावर २३७ मुली होत्या, आणि पाहावयास सुमारें तीन हजार लोक लोटले. विचार करा! ज्या पुण्यांत बाईनें अक्षर वाचलें तर नवरा मरतो असें सांगत, त्याच पुण्यांत माळ्याची, कोष्ट्याची पोर उभी राहून हिशेब सांगते आणि तीन हजार माणसें ऐकतात. बापाला कळलें, आपली पोर वेळ फुकट दवडीत नाहीं. वर्गणी देणाऱ्याला कळलें, पैसा कोठें गेला. टवाळी करणाऱ्यालाही तोंड मिटावें लागलें. अहवाल लिहून जें साधत नाहीं, तें एका सकाळींत साधलें. पुढें १८५५ सालीं याच शाळांत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांगाच्या मुलीनें आपल्या जातीच्या दुःखाविषयीं निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदया'त छापून आला.

पैशाची हकिकत मात्र कडू आहे. पेशवाईंत ब्राह्मणांस जी दक्षिणा वाटीत, तिच्या फंडांतून या शाळांस महिना ७५ रुपये मिळूं लागले, हा मोठाच विजय. पण बाकीचा पुष्कळ भार वर्गण्यांवर, आणि त्यांतही गोऱ्या लोकांच्या वर्गण्यांवर होता. १८५७ चें बंड झालें आणि त्या वर्गण्या आटल्या. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीरावांनीं स्वतः सांगितलें कीं, नऊ-दहा वर्षें आपण या शाळांत काम केलें आणि मग कांहीं कारणांनीं संबंध सोडला. शाळा मंडळीकडून सरकारी शिक्षणखात्याकडे गेली होती. दुसऱ्याच्या विहिरीवर मळा लावला कीं मोट थांबल्यावर आपल्या हातांत कांहीं उरत नाहीं. हें जाणूनच पुढें कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं काढलेली रयत शिक्षण संस्था घरोघरच्या मूठ मूठ धान्यावर उभी केली, आणि लक्ष्मीबाईंनीं वसतिगृहांतील पोरांच्या पोटासाठीं आपलें मंगळसूत्र मोडलें.

आतां आपल्या घराकडे वळूं. पुण्यांतल्या मुलींच्या वाटेंत शास्त्री उभे होते. आपल्या मुलींच्या वाटेंत कोयता उभा आहे. शास्त्र्याला उत्तर देतां येतें, उचल घेतल्यावर मुकादमाला काय उत्तर देणार? नवराबायको मिळून एक कोयता धरतात. मग मागें पोर ठेवावी तर सांभाळणार कोण? बरोबर न्यावी तर कोपींत भाकरी थापणें आणि धाकटें भावंडं राखणें तिच्या नशिबीं. आणि ती वयांत आली कीं धास्तीपोटीं तिचें लग्नच उरकून टाकतात, म्हणजे आणखी एक कोयता तयार. २०१९ ते २१ च्या सरकारी पाहणींत बीड जिल्ह्यांतील वीस ते चोवीस वर्षांच्या बायांमध्यें शंभरांत चाळीसांहून अधिक जणींचीं लग्नें अठराच्या आंत झालेलीं आढळलीं. त्या कोवळ्या पोरींचें पुढें काय होतें? २०१९ सालींच सरकारच्या समितीपुढें आलेला आंकडा ऐका: आपल्या जिल्ह्यांतील ऊस तोडणाऱ्या ८२,३०९ बायांची पाहणी झाली, त्यांत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. बायांनो, या तुमच्याच नणंदा-जावा आहेत. यापलीकडे आम्ही अधिक कांहीं बोलत नाहीं.

तेव्हां आपल्या शाळेचा बेत जूनपासून मोजूं नये, दसऱ्यापासून मोजावा. जूनमध्यें पटावर नांव घालणें सोपें असतें. खरा प्रवेश दसऱ्याला होतो. गाड्या हलण्यापूर्वीं मंडळींतील दोघांनीं, त्यांत एक बाई असलीच पाहिजे, घरोघर जाऊन प्रत्येक मुलीचा निकाल लावावा. मागें आजी आहे काय? असेल तर पोर आजीजवळ राहील, आणि तिच्या जेवणाची सोय हंगामी वसतिगृहाच्या सरकारी योजनेंतून मागून घ्यावी. ती भीक नव्हे. आपल्याच करांचा पैसा आहे. आजी नसेल तर शाळेच्या आवारांत, जेथें रात्रीं बाई माणूस राहतें, दाराला कडी आहे आणि संडासाला पाणी आहे, तेथेंच ठेवावी. एवढें नसेल तर आईबाप पोर ठेवणार नाहींत, आणि त्यांचें बरोबरच आहे. १९२१ नव्हे, २०२१ सालीं सरकारनें ४१ तालुक्यांत ऊसतोड मजुरांच्या मुलांमुलींसाठीं ८२ वसतिगृहें काढण्याचें ठरविलें. अशा ठरावांच्या मागें अर्ज घेऊन धांवणारा माणूस आपल्या मंडळींत असावा लागतो.

दुसरें, मुकादम खाडा कसा धरतो तें पाहा. एक दिवस मजूर आला नाहीं तर त्याच सांजेला वहींत लिहितो, आणि पैसे कापतो. आमच्या शाळांत मात्र मुलगी महिनाभर दिसत नाहीं, तरी हजेरीवर ती बसलेलीच! पोर तीन दिवस आली नाहीं कीं चौथ्या दिवशीं कोणी तरी तिच्या दारांत उभें राहिलें पाहिजे. उसाची जेवढी काळजी, तेवढी तरी पोरीची ठेवा.

आणि ती उघड परीक्षा! ती कारखाने बंद होऊन माणसें परत आल्यावर, अक्षय्य तृतीयेला चावडीपुढें घ्यावी. त्याच मुहूर्तावर आपल्याकडे पोरींचीं लग्नें उरकतात. त्या दिवशीं बापानें मांडव न घालतां पोरीला उचलीचा कागद वाचावयास लावावा, व्याज काढावयास लावावें, टनाचा भाव आणि तोडलेला ऊस यांचा गुणाकार करावयास लावावा. मुकादमाच्या वहींतली चूक जी मुलगी भर चावडींत दाखवील, तिच्या लग्नाची घाई कोणता बाप करील? त्याच बैठकींत मंडळीनें जमाखर्च मोठ्यानें वाचावा. ज्यांनीं खळ्यावर पायलीभर ज्वारी दिली, त्यांस ती कोणाच्या ताटांत गेली हें विचारण्याचा हक्क आहे. सुतारानें बाकें नीट केलीं, लोहारानें कड्या बसविल्या, शिंप्यानें पोलकीं शिवलीं, तर तेंही देणगींतच लिहावें.

सभा उठल्यावर लगेच पांगूं नका. पिंपळाच्या पारावर वही उघडून ठेवली आहे. घरांत मुली किती, कितवींत, यंदा कोणकोण कारखान्यावर जाणार, आणि मागें म्हातारें माणूस आहे कीं नाहीं, एवढें सांगा; लिहिणारी मुलगी तेथें बसली आहे. दसऱ्याला अजून अवधि आहे.