हक्काचा घास



१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील कित्येक शेतकरी आईबाप खडी फोडावयास गेले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजनेचा कायदा १९७७ साली झाला. त्यातील ‘हमी’ हा शब्द आम्हांस मोलाचा वाटतो. काम ही मेहरबानी नव्हे, हक्क आहे, असे त्याने लेकरे वाढविणाऱ्यांस सांगितले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने हाच विचार खाजगी शाळांत नेला. दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी २५ टक्के जागा राखल्या. तरीही येथे मुनिरक्यात अशी मुले ‘कोट्यातली’ म्हटली जाताना ऐकू येतात. ते ऐकणारे मूल आपल्याच आईबापांची लाज बाळगू लागते. कायद्याने दिलेला मान जिभेने हिरावू नये, एवढीच आमची विनंती.